घोड्याचा इंडिकेटर कुठे असतो?

गाडी शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. रोज सकाळी डावीकडच्या सीटवर बसायचं, पायाखाली आपला जादा ब्रेक असल्याची खात्री करायची आणि उजवीकडे बसलेल्या माणसाच्या हातात जीव द्यायचा. चार-पाच वर्षांत इतकं साठतं की कुठल्याही लग्नात जेवताना आपल्या बाजूची खुर्ची रिकामी राहत नाही.

माझ्या किश्श्यांची गंमत अशी की त्यातल्या अर्ध्यांमध्ये घोडे आहेत. मुंबईत, आणि तेही गोरेगाव पूर्वेला! लोकांना वाटतं, सावंत फेकतोय. मी राहतो जोगेश्वरीला, पण शिकवतो दिंडोशीच्या मागे, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सकाळी सात ते नऊ तिथे गर्दी जरा कमी असते. नेमक्या त्याच कारणासाठी कांबळेसुद्धा त्याच वेळेला त्याच रस्त्यावर चार घोडे घेऊन येतो. त्याचा घोडेस्वारीचा क्लास आहे. तबेला रस्त्याच्या अलीकडे, मैदान पलीकडे, आणि मध्ये दोनशे पावलं डांबरी रस्ता. म्हणजे रोज सकाळी माझे शिकाऊ आणि त्याचे शिकाऊ समोरासमोर! ब्रेक कुठे आहे हे दोघांनाही नक्की माहीत नसतं.

* * *

देसाई काकूंपासून सुरुवात करतो. शाळेतून रिटायर झालेल्या. नवरा म्हणाला, "तुला काय जमणार गाडी," म्हणून दुसऱ्याच दिवशी फी भरून मोकळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी वळण घेतलं आणि समोर चंपा. चंपा म्हणजे कांबळेची लाडकी घोडी. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका. वर कांबळे स्वतः बसलेला.

काकूंनी गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पाडली.

"सावंत, हा आता कुठे वळणार ते कसं कळायचं? ह्याला इंडिकेटर कुठे असतो?"

वीस वर्षं गाडी शिकवतोय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण काच खाली होती आणि कांबळेने ऐकलं. त्याने चंपाला थांबवलं आणि वरूनच म्हणाला, "बाई, कान बघा. कान जिकडे, तिचं लक्ष तिकडे. दोन्ही कान पुढे, म्हणजे तिला काहीतरी दिसलंय. दोन्ही मागे चपटे पडले की रेड सिग्नल. तुम्ही थांबायचं."

काकूंनी पर्समधून वही काढली आणि तिथेच, रस्त्याच्या मधोमध, लिहून घेतलं. मागे एक स्कूल व्हॅन उभी होती. ती बिचारी थांबली.

तेव्हापासून माझ्याकडे क्लच, गिअर, ब्रेक झाल्यावर चौथा धडा 'कान' असतो. घोडा दिसला की गिअर खाली, हॉर्नला हात नाही, आणि मधे एक अख्खी गाडी मावेल एवढी जागा सोडून हळू पुढे जायचं.

* * *

कांबळेचा पण एक नियम होता. गाडीवाला आपल्यासाठी हळू झाला की स्वाराने हात वर करून त्याचे आभार मानायचे. "तो कामाला चाललेला माणूस आहे," कांबळे म्हणायचा. "आपल्यासाठी त्याने ब्रेक मारला. त्याला कळलं पाहिजे की आपल्याला ते दिसलं."

नियम चांगला होता. पण त्याच्याकडे एक आयटीवाला शिकायला होता, फारच मनापासून नियम पाळणारा. एका सकाळी एक रिक्षा हळू झाली. ह्याने घोड्यावरून हात वर केला. रिक्षा आणखी हळू झाली. ह्याने आणखी वर केला. रिक्षा कडेला येऊन थांबली. रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून घोड्याकडे बघितलं, मग स्वाराकडे बघितलं.

"किधर जाना है?"

आयटीवाला इतका गोंधळला की खरं तेच सांगितलं. "मैदान."

"नहीं जाएगा," म्हणून रिक्षावाला निघून गेला!

* * *

देसाई काकूंची लायसन्सची टेस्ट. मी बाहेर उभा, मला घाम. काकू आत, एकदम थंड. गाडी सुरू, पुढे, मागे, वळण, सगळं झकास. इन्स्पेक्टर शेवटी म्हणाले, "हॉर्न वाजवून दाखवा."

काकूंनी डावा आरसा बघितला. उजवा बघितला. मान वळवून मागे बघितलं. मग त्यांनी इन्स्पेक्टरांना विचारलं, "जवळपास घोडा नाही ना?"

साहेब म्हणाले, "काय?"

झालं! काकू शिक्षिका. त्यांनी पहिल्यापासून समजावलं. कान पुढे, कान मागे, घोड्याच्या बरोबर मागे का राहायचं नाही, सगळं. साहेबांनी मध्येच दोनदा घड्याळ बघितलं, पण काकूंच्या वर्गातून लवकर सुटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शेवटी साहेबांनी फॉर्मवर सही केली आणि विचारलं, "पास. पण तुम्ही गाडीच चालवणार आहात ना?"

* * *

एव्हाना कांबळेची आणि माझी चांगली दोस्ती झाली होती. क्लास संपले की रस्त्याच्या कडेला टपरीवर कटिंग. तो माझ्या शिकाऊंची खेचायचा, मी त्याच्या. एकदा तो म्हणाला, "सावंत, तू लोकांना घोड्याविषयी शिकवतोस आणि एकदा पण घोड्यावर बसला नाहीस. लाज नाही वाटत का रे?"

म्हटलं, बसतो. मैदानात त्याने मला बादलवर बसवलं. बादल म्हणजे त्याचा सगळ्यात शांत घोडा, पोराबाळांना फिरवणारा. दहा पावलं मजेत गेली. मग बादल जरासा वेगात आला आणि मी वीस वर्षांच्या सवयीने जे करायचं तेच केलं. उजवा पाय जोरात दाबला.

माझ्या धंद्यात पाय दाबला की गाडी थांबते. घोड्याला टाच मारली की तो पळतो. बादल पळाला. मी म्हटलं ब्रेक कमी पडला, म्हणून आणखी जोरात दाबला!

मैदानाला दोन चकरा झाल्यावर बादल स्वतःच कंटाळून थांबला. कांबळे जमिनीवर बसून हसत होता.

पुढच्या रविवारी मी त्याला गाडीत बसवलं, उजव्या सीटवर. समोर स्पीडब्रेकर आला. कांबळेने दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीकडे ओढलं आणि प्रेमाने म्हणाला, "हो… हो… हो बेटा…"

ब्रेक मीच मारला. हिशोब बरोबर झाला.

* * *

आता जे सांगतो त्यात हसण्यासारखं काही नाही.

त्या रस्त्याने पाण्याचे टँकर जातात. एक टँकर बबनचा. बबन नगरकडचा, नवीन आलेला. एका सकाळी कांबळे चंपाला घेऊन मैदानाकडे निघाला होता. मी समोरून येत होतो. बबन मागून आला आणि चंपाच्या अगदी मागे येऊन त्याने प्रेशर हॉर्न दिला. तो हॉर्न माणसालासुद्धा सहन होत नाही.

चंपा उसळली, डांबरावर नाल सरकले आणि ती गुडघ्यावर आली. कांबळे तिच्यावरून उडून कडेच्या कठड्यावर आपटला. मनगट मोडलं. चंपाचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. मी गाडी आडवी लावली, पण तोवर सगळं झालं होतं. ती तिथेच उभी, नखशिखांत थरथरत होती आणि तिचे कान मागे चपटे पडले होते. रेड सिग्नल. पण तो बघायला आधी कोणीतरी शिकवायला लागतं.

दुसऱ्या दिवशी बबन तबेल्यावर आला. मला वाटलं आता इथे हाणामारी. कांबळेचा हात गळ्यात. बबन मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं हॉर्न दिला की बाजूला होईल. इथल्या म्हशी होतात."

खोटं नव्हतं. त्या भागात म्हशींचे तबेले आहेत. म्हशी हॉर्न ऐकून सावकाश वळून बघतात, मग मनात आलं तर बाजूला होतात.

कांबळेने चांगल्या हाताने स्टूल त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "म्हैस आधी बघते, मग ठरवते. घोडा आधी पळतो, मग बघतो. एवढाच फरक आहे. चहा घेणार?"

मला त्या दिवशी कांबळेचा राग आला होता. मी असतो तर चहा विचारला नसता.

* * *

चंपाचे गुडघे महिन्याभरात भरले, पण ती रस्त्यावर पाऊल टाकेना. फाटकापर्यंत यायची आणि लांब कुठे हॉर्न वाजला तरी मागे सरकायची. ओढा, चुचकारा, समोर बादलला चालवा, काही उपयोग नाही.

घोडे कांबळेचे नाहीत. चारही घोडे मुलुंडच्या एका शेठचे. आम्ही त्यांना मुलुंडचे शेठच म्हणतो. माणूस वाईट नाही, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं. ते आले, उभ्या उभ्या चंपाला बघितलं आणि म्हणाले, "रस्ता ओलांडत नाही ती घोडी क्लासला काय कामाची? दिवाळीपर्यंत बघ. नाहीतर वसईचा एक जण वरातीसाठी मागतोय."

वरातीसाठी! बँड, फटाके, वर डीजे. एका हॉर्नला थरथरणारी घोडी त्यात किती दिवस टिकणार? कांबळेने लहानपणी वरातीत घोडी धरण्याचं काम केलेलं. तिथे घोड्यांचं काय होतं ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी चंपा आली तेव्हा तिच्या फासळ्या मोजता यायच्या. त्याने तिला हाताने चारून उभी केली होती.

शेठ गेल्यावर तो मला म्हणाला, "सावंत, माझी वाट लागली रे." एवढंच. मग पाठ करून चंपाला खरारा करायला लागला. त्याचं एकच मनगट चालत होतं. मला पुढे बघवेना.

* * *

उपाय कांबळेनेच काढला. हॉर्नची भीती हॉर्ननेच जाणार, म्हणाला. हॉर्न वाजला की लगेच काहीतरी गोड. रोज. न चुकता. हॉर्न माझ्याकडे होता, गोड म्हणजे गूळ.

पहिले आठ दिवस मी गाडी इतकी लांब उभी करायचो की हॉर्न जेमतेम ऐकू जायचा. पीं… आणि तिकडे कांबळे गुळाचा खडा द्यायचा. मग गाडी थोडी जवळ. मग आणखी जवळ. तीन आठवड्यांनी गाडी फाटकाशी आली. तिथून गूळ मीच द्यायला लागलो. हॉर्न मारायचा आणि खिडकीतून हात बाहेर.

कांबळे सांगायचा, "उतरून दे रे. खिडकीतून नको."

पण दिवसातून वीस वेळा कोण उतरणार? माझे गुडघे काही चंपासारखे महिन्याभरात भरत नाहीत.

घरी वेगळाच गोंधळ. आईने एक दिवस डबा उघडला. "काय रे, गूळ खंय गेलो?"

"घोडी खाता गे."

आईने डब्याचं झाकण आपटलं. मग म्हणाली, "घोडयेक गूळ, आणि माका सांगतस डायबिटीस असा, चाय बिनसाखरेची पी!"

मग बबन आला. कोणी बोलावलं नव्हतं. त्याने प्रेशर हॉर्न काढून टाकला होता आणि साधा बसवला होता. म्हणाला, "माझ्या टँकरला पण शिकवा तिला. ती मलाच घाबरली आहे ना." दुसऱ्या दिवसापासून बबन रोज फेरीच्या आधी दहा मिनिटं तबेल्यासमोर थांबायचा. इंजिन बंद, मग इंजिन चालू, मग हॉर्न, मग केबिनच्या खिडकीतून लांब हात करून गूळ. पहिल्या दिवशी चंपा त्याच्याजवळ गेलीच नाही. पाचव्या दिवशी तिने त्याच्या हातातला खडा उचलला तेव्हा बबनने तोंड दुसरीकडे वळवलं. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाला. आम्ही पण म्हटलं, धूळ फार आहे या रस्त्यावर.

* * *

दिवाळीच्या आधीचा शनिवार. शेठ साडेसातला येतो म्हणाले होते.

कोणी कोणाला सांगितलं माहीत नाही, पण सात वाजता बबनचा टँकर कडेला उभा होता, इंजिन बंद. देसाई काकू स्वतःची गाडी स्वतः चालवत आल्या होत्या. नवरा बाजूला, पट्टा लावून, गप्प. आयटीवाला मैदानाच्या बाजूला उभा राहून येणाऱ्या रिक्षांना हात दाखवत होता, आणि या वेळी कोणी त्याला कुठे जायचं ते विचारलं नाही. रिक्षा थांबत होत्या. दुधाचा टेम्पो थांबला. स्कूल व्हॅनपण थांबली, ती तर जुनी अनुभवी. एवढा मोठा रस्ता आणि एक आवाज नाही.

समोरून शेठची मोठी गाडी आली आणि सगळ्यांच्या मागे थांबली. शेठनी मागची काच पूर्ण खाली केली आणि बाहेर बघत बसले.

कांबळेने चंपावर बसून तिला फाटकाबाहेर काढलं. मनगटाला अजून पट्टी होती. चंपा थांबली. एक पाऊल. दुसरं. डांबरावर नाल वाजायला लागले. मी फाटकाशी उभा राहून मोजत होतो. पंधरा पावलं, वीस पावलं. ती रस्त्याच्या मधोमध आली आणि तशीच पुढे चालत राहिली. कांबळेच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड येत होता.

शेठचा ड्रायव्हर नवीन होता. त्याला वाटलं जाम झालाय. त्याने हॉर्नवर हात ठेवला आणि लांबलचक वाजवला.

चंपा जागच्या जागी थांबली. काकूंनी डोळे मिटले. बबन केबिनमधून खाली उतरला. मी तिचे कान बघत होतो.

दोन्ही कान पुढे आले.

चंपा वळली. कांबळेने लगाम ओढला, तिने ओळखच दाखवली नाही. थांबलेल्या रिक्षांमधून वाट काढत, कोणालाही धक्का न लावता, ती सरळ शेठच्या गाडीकडे गेली. तिने मान खाली घातली, मागच्या उघड्या खिडकीतून डोकं आत घातलं आणि शेठच्या सफारी सूटचा खिसा शोधायला लागली.

शेठ सीटला चिकटले. त्यांच्या नाकात आणि तिच्या नाकात वीतभर अंतर.

"शेठ, ती… तिला वाटतंय…" कांबळे वरून म्हणाला. माझ्या हातात गूळ होता, पण मी अजून फाटकाशीच होतो. उतरून देत जा म्हणून त्याने मला किती वेळा सांगितलं होतं.

चंपाने एक खिसा बघितला. दुसरा बघितला. काहीच मिळालं नाही तेव्हा तिने मोठा उसासा टाकला, शेठच्या चष्म्यावर. आणि वाट बघत तशीच उभी राहिली.

मग शेठनी हळूच हात वर केला आणि तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला. चष्मा पुसलादेखील नाही. तिच्यावरची नजर न काढता ते ड्रायव्हरला म्हणाले,

"राजू, हॉर्न मार परत."